खालच्या ओळीतली तीन घरं

"आजी, आप्पांना फुली-गोळा येतो का?"

केतकीनं हे विचारलं तेव्हा माझे दोन्ही हात यांच्या पाठीखाली होते. सकाळचं अंग पुसून झालं होतं आणि मी यांना कुशीवर वळवत होते. वळवायचं म्हणजे आधी गुडघा वाकवायचा, मग खांदा, मग कंबर. घाई केली की सगळं वजन माझ्या मनगटावर यायचं, आणि ते मनगट मार्चमध्ये मोडून नुकतंच जुळलं होतं.

"येतो की. का गं?"

"सहज."

"सहज विचारायच्या आधी ती उशी दे इकडं."

तिनं उशी दिली. मी ती पाठीला लावली, रबरी चादरीची सुरकुती काढली आणि खुर्चीत बसले. हे सारं दिवसातून पाच वेळा व्हायचं.

केतकी माझी नात, श्रीकांतची मुलगी. पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीला मदत म्हणून तिला बार्शीला पाठवलं होतं. खरं कारण दुसरं होतं. आजी कशी चालते, किती खाते, कुठं धडपडते, हे तिनं रोज बापाला फोनवर कळवायचं होतं. तिला ते सांगायला लाज वाटायची, म्हणून ती फोन घेऊन गच्चीत जायची. मीही विचारत नव्हते.

यांना अर्धांगवायू होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'बरं'. पाणी दिलं, बरं. डॉक्टरनं सुई टोचली, बरं. कुकरची शिट्टी झाली तरी बरं. एसटीच्या स्टँडवर चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस. भिंतीपलीकडच्या शाळेतली पोरं यांची नक्कल करायची, इतका खणखणीत आवाज. त्यातलं एवढंच शिल्लक राहिलं.

मार्चमध्ये आम्ही दोघं मोरीत पडलो. मी त्यांना धरलं होतं आणि माझाच पाय सरकला. कामाला येणारी रखमा दार ठोठावेपर्यंत पाऊण तास आम्ही ओल्या फरशीवर तसेच होतो. त्यानंतर श्रीकांतनं पुण्यात एक जागा पाहिली. अशा माणसांना सांभाळणारी, नर्स असलेली, स्वच्छ. खाटही ठरवून टाकली.

"त्यांना विचारल्याशिवाय मी पाठवणार नाही," मी म्हणाले.

तो यांच्याजवळ जाऊन बसला. "आप्पा, पुण्याला याल का? माझ्या घराजवळ आहे. मी रोज येईन."

"बरं."

"झालं. विचारलं."

"ते कुकरलाही बरं म्हणतात, श्रीकांत."

तो कपाळ चोळत बसला. तोही दमलेला होता. दर रविवारी पहाटे पुण्याहून यायचं, रात्री परत जायचं. शेवटी म्हणाला, "हे बघ आई. त्यांना कळतंय असं मला एकदा दिसू दे. मग त्यांना काय हवं ते आपण कसंही करून त्यांच्याकडून काढून घेऊ. नको म्हणाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण कळतच नसेल, तर मग मला ठरवू दे."

मी कबूल केलं. आता कळतंय हे दाखवायचं कसं, हा प्रश्न होता. मान हलवायचे, पण कधी होच्या जागी 'नाही' अशी हलायची, कधी उलट. लिहिणं गेलं होतं. चित्रांची पुस्तकं दाखवली की कंटाळून डोळे मिटायचे.

म्हणून केतकीचा फुली-गोळा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती बसली. मी समोर शेंगा फोडत होते. दुपारचे दोन वाजले असतील, कूलरचा आवाज घरभर होता.

"कशात करतेयस?" मी विचारलं.

"रिॲक्टमध्ये."

"म्हणजे?"

"म्हणजे बांधायची सोय, आजी. सगळं पहिल्यापासून लिहावं लागत नाही. आपण एक तुकडा करायचा आणि पाहिजे तितक्या वेळा वापरायचा. हे बघ, मी एकच घर केलंय. एक चौकोन. तेच नऊ वेळा मांडलं."

"करंजीचा साचा."

"हां. पण गंमत अशी की करंजीला आपल्या पोटात काय आहे ते माहीत नसतं."

"मग कुणाला माहीत असतं?"

"ताटाला. कुठल्या घरात फुली, कुठल्या घरात गोळा, हे सगळं पटाकडं असतं. घरानं फक्त वर सांगायचं, माझ्यावर बोट पडलं. मग पट ठरवतो काय दाखवायचं."

"आमच्या सासूबाई," मी म्हणाले. "आम्हा कुणाला काही माहीत नसायचं. सगळं त्यांच्याकडं."

ती हसली आणि तेवढ्यात काहीतरी चुकलं म्हणून पुटपुटली. तिनं यांच्यासाठी घरं तळहाताएवढी मोठी केली होती, कारण यांचा डावा हात थरथरायचा. बोट एकाच जागी जास्त वेळ राहिलं तर दोनदा खूण पडू नये म्हणून भरलेलं घर पुन्हा बदलणार नाही अशी व्यवस्था केली होती. पटाच्या शेजारी बटणांची एक रांग होती. पहिली खेळी, दुसरी खेळी, तिसरी. दाबलं की तेव्हाचा पट पुन्हा दिसणार.

"हे कशाला?"

"बाबांना दाखवायला. आप्पांनी कुठल्या वेळी कुठं टाकलं, सगळं दिसेल."

पण ते दिसत नव्हतं. कुठलंही बटण दाबलं तरी शेवटचाच पट समोर यायचा. ती तासभर त्यात अडकली होती. मग एकदम स्वतःच्या डोक्यावर चापट मारून म्हणाली, "मी त्याच पटावर खुणा करत बसलेय. मूर्ख."

"मग कशावर करायच्या? पट एकच असतो."

"नाही ना. जुना पट तसाच ठेवायचा. त्याची नक्कल काढायची आणि नवी खूण नकलेवर करायची. पुढच्या खेळीला आणखी एक नक्कल. म्हणजे जुनं काही पुसलं जात नाही."

"आम्ही तर पाटीवर खेळायचो. पुसल्याशिवाय दुसरा डावच नाही."

"तू आणि आप्पा? कधी?"

मग मी तिला पाटीची गोष्ट सांगितली. तोवर ती कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी वाटली नव्हती.

लग्नानंतर आम्ही स्टँडमागच्या दोन खोल्यांत राहायचो. सासू, सासरे, दोन दीर, आम्ही. नवराबायकोनं माणसांत बोलायची पद्धत नव्हती. पाण्याच्या पिंपाजवळ दुधाचा हिशेब लिहायला एक पाटी टांगलेली होती. एके दिवशी तिच्या मागच्या बाजूला मला चार रेघा आणि एक फुली दिसली. मी दुपारी एक गोळा काढला. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना यांनी दुसरी फुली टाकली. दिवसाला एक एक खूण. डाव संपायला चार-पाच दिवस लागायचे. कोण काय करतंय ते घरात कुणाला कळायचं नाही, सगळ्यांना वाटायचं धाकट्या दिराचा पोरखेळ आहे.

"आणि हरलं की?"

"हरेल त्यानं पाणी भरायचं. दिवसाआड पहाटे साडेचारला कोपऱ्यावरच्या नळाला पाणी यायचं. चौदा घागरी. पुढचा डाव संपेपर्यंत हरलेल्यानं भरायचं."

"आप्पा पाणी भरायचे?"

"पुष्कळदा. दहातले सात डाव मीच जिंकायचे. सासूबाई म्हणायच्या, आमच्यात गडीमाणूस नळावर जात न्हाई, माझ्या लेकाला काय झालंय? हे म्हणायचे, तेवढाच व्यायाम."

"म्हणजे आप्पा खेळात कच्चे."

"अगदीच. कधी मध्ये सुरुवात करायचे तेव्हा जरा बरं. पण मधूनच लहर यायची आणि पहिली फुली डावीकडं, अगदी कडेच्या मधल्या घरात टाकायचे. तशी टाकली की हरायचेच. मी एकदा अंधारात विचारलंसुद्धा, अहो, मध्ये टाकायला काय होतं? म्हणाले, माझं मी बघतो."

केतकी पुन्हा हसली. आतल्या खोलीतून "बरं" असं ऐकू आलं. आमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं.

त्या आठवड्यात खेळ तयार झाला. एका टॅबवर ब्राउझर उघडला की पट यायचा. दोघांनी खेळायचा एक प्रकार होता आणि मशीनबरोबर खेळायचा एक. मशीन अगदी बावळट ठेवलं होतं. रिकाम्या घरांतून डोळे मिटून एक उचलायचं आणि तिथं गोळा टाकायचा, एवढीच त्याची अक्कल. सगळे खेळलेले डाव टॅबमध्येच साठून राहतील असंही तिनं करून ठेवलं.

"एक लक्षात ठेव, आजी," ती म्हणाली. "मागच्या खेळीवर जाऊन नुसतं बघ, हात लावू नकोस. तिथून नवी खेळी केलीस तर त्यापुढचं सगळं जातं."

"पुसलं जातं?"

"हो. तेवढं जातं."

पहिल्या दिवशी यांनी टॅबकडं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी केतकीनं यांचं बोट धरून मधल्या घरात एक फुली टाकली, आणि मशीननं गोळा टाकला. हे त्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात उचलला. बोट हवेत हललं, खाली आलं, फुली उमटली. कोपऱ्यात दुसरी. तिसऱ्या वेळी समोरच्या कोपऱ्यात बरोबर तिसरी. 'फुली जिंकली' अशी अक्षरं आली.

"बरं," हे म्हणाले.

केतकी नाचली. रोज दुपारी दोन-तीन डाव व्हायला लागले. बहुतेक हेच जिंकायचे. ती गच्चीत जाऊन फोनवर सांगत होती, "बाबा, तुम्ही या तर रविवारी. तुम्हीच बघा."

मला आनंद झाला असं मी तिला म्हणाले. झालाही होता. म्हणजे ते आत होते. चौदा महिने मी ज्यांच्याशी बोलत होते ते ऐकत होते. ते पुण्याला नको म्हणणार हे मला ठाऊक होतं. बार्शी सोडून हा माणूस दोन रात्री कुठं राहिला नव्हता. म्हणजे आता हे असंच चालणार होतं. गुडघा, खांदा, कंबर. दिवसातून पाच वेळा, शेवटपर्यंत.

त्या संध्याकाळी मी मागच्या अंगणात रबरी चादर धुवायला घेतली. धुण्याच्या दगडाशी बसले, नळ सोडला, आणि हात चालेनात. मनगट दुखत होतं, पण तसं ते रोजच दुखायचं. मी नुसती बसून राहिले. पाणी चादरीवरून वाहून मोरीकडं चाललं होतं. किती वेळ गेला माहीत नाही. मान वर केली तेव्हा खिडकीतून हे माझ्याकडं बघत होते. त्यांची खाट त्या खिडकीला लावलेली होती.

"काय हवंय?" मी ओरडून विचारलं.

"बरं," हे म्हणाले.

रविवारी श्रीकांत आला. जेवणं झाल्यावर त्यानं खुर्ची खाटेजवळ ओढली. मी तिथं थांबले नाही. चहा टाकते म्हणाले आणि आत गेले. ओट्याशी उभी राहून ऐकत होते.

"आप्पा, चला. तुमची फुली."

मग केतकीचा आवाज, "आप्पा, तिथं नाही, तुम्ही नेहमी..."

"तू बोलू नकोस, केतू. त्यांचं त्यांना करू दे."

चहाला उकळी आली. मी गॅस बारीक केला.

"आप्पा, हे बघा. दोन झाल्यात तुमच्या. तिसरी कुठं टाकायची?"

"बरं."

"इथं बघा. इथं."

"बरं."

'गोळा जिंकला' म्हणून टॅबमधून बारीकशी घंटी वाजली. केतकीनं हौसेनं बसवली होती. पाच डावांत पाच वेळा ती मी ऐकली. पाचव्यानंतर श्रीकांत आत आला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभा राहिला. पन्नाशीला आलेला माझा मुलगा. डोळे पुसले ते मला दिसू नयेत म्हणून बाहीनं सारं तोंडच पुसलं.

"नाही गं आई," तो म्हणाला. "मी अगदी बोट ठेवून दाखवलं. तरी भलतीकडंच."

दारात केतकी होती. "बाबा, ते दुपारी जिंकतात. मी बघितलंय."

"तुझं मशीनच बावळट आहे, केतकी. त्याच्याशी कुणीही चुकून जिंकेल." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "येत्या गुरुवारी गाडी घेऊन येतो. अकरापर्यंत."

मी चहा गाळला. खोटं कशाला सांगू, छातीवरचा दगड कुणीतरी उचलावा तसं मला वाटलं, आणि तसं वाटल्याच्या लाजेत मी चहात साखर घालायची विसरले.

केतकी त्याच्याबरोबरच पुण्याला गेली. टॅब इथंच राहिला. मंगळवारी तिचा फोन आला.

"आजी, मला एक कळत नाहीये. मी कोड तीनदा तपासला, त्यात काही चूक नाही. मशीन कुठंही गोळा टाकतं. त्याच्याशी पाच डाव लागोपाठ हरायचं म्हणजे... ते जिंकण्यापेक्षा अवघड आहे. नुसतं काहीतरी टाकत राहिलं तरी एखादा डाव जिंकला जातोच."

"म्हातारं माणूस आहे गं. घाबरले असतील."

"असेल," ती म्हणाली. तिला पटलं नव्हतं.

हे झोपले होते. मी चष्मा लावला आणि टॅब उघडला. 'झालेले डाव' म्हणून यादी होती. त्यातले दुपारचे डाव मी एकेक करून पाहिले. पहिली खेळी, दुसरी खेळी. प्रत्येक वेळी पहिली फुली मधल्या घरात.

मग रविवारचे उघडले. पहिल्या डावाची पहिली फुली डावीकडं होती. अगदी कडेला, मधल्या ओळीत. दुसऱ्या डावाची तिथंच. तिसऱ्याची, चौथ्याची, पाचव्याची.

मी टॅब मांडीवर ठेवून बसले.

पाटीवर कडेला फुली केव्हा केव्हा पडली होती ते एकेक करून आठवायला लागलं. पाटी पुसलेली होती, पण माझं डोकं तसं नाही. श्रीकांतच्या वेळी मी बाळंतपणाहून परतले तेव्हा. टायफॉइडमधून उठले तेव्हा. माझा भाऊ विहिरीत गेला त्या उन्हाळ्यात तर लागोपाठ चार डाव. त्या प्रत्येक पहाटे मी अंथरुणात पडून घागरींचा आवाज ऐकलाय. मी जिंकले होते ना, म्हणून. मला वाटायचं, यांना खेळ कळत नाही.

हे जागे झाले होते. माझ्याकडं आणि मांडीवरच्या टॅबकडं बघत होते. मी टॅब बंद केला आणि म्हणाले, "वळायची वेळ झाली." गुडघा, खांदा, कंबर.

श्रीकांतला मी फोन केला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. बुधवारी यांचे कपडे काढून ठेवले. चार लेंगे, सहा बंड्या, स्वेटर. दाढीचं सामान. स्टँडवरची जुनी शिट्टी कशाला ठेवायची म्हणून काढली आणि पुन्हा ठेवली.

गुरुवारी सकाळी नवाला यांचं सगळं आवरून झालं. पांढरा शर्ट घातला, उशीला टेकवून बसवलं. गाडी यायला दोन तास होते. मी टॅब आणला, दोघांचा पट उघडला आणि खाटेवर दोघांच्या मध्ये ठेवला.

"अहो," मी म्हणाले, "पाणी कुणी भरायचं ते अजून ठरलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तोंडाची डावी बाजू जराशी वर गेली. उजवी जात नव्हती.

"आज पहिली खेळी माझी," मी म्हणाले. या खेळात सुरुवात करणाऱ्याची फुली असते. जन्मात पहिल्यांदा फुली माझी होती आणि गोळा त्यांचा.

मी मनात ठरवलं होतं. मी हरले तर श्रीकांतला फोन करायचा आणि सांगायचं, येऊ नकोस. त्याला काय सांगायचं, कसं सांगायचं, तेही ठरवलं होतं. तोंडानं यांच्याशी हे बोलणं मला जमलं नसतं, आणि त्यांच्याजवळ बोलायला एकच शब्द होता.

आम्ही दोघं हरायला बसलो होतो. असा खेळ कुणी खेळत असेल असं वाटत नाही. मी वरच्या मधल्या घरात फुली टाकली. त्यांनी वरचा डावा कोपरा घेतला. मी उजवीकडचं मधलं घर घेतलं, त्यांनी पटाचं मधलं. मी वरचा उजवा कोपरा घेतला. मग त्यांचा हात उठला आणि हवेत थरथरत राहिला. खाली आला तो डाव्या बाजूच्या मधल्या घरात. तेच घर. सवयीनं गेला की थरथरला, कोण जाणे.

पण तिथं त्यांची चूक झाली होती.

सहा खेळ्या झाल्या होत्या. वरच्या दोन ओळी भरलेल्या. खालच्या ओळीतली तीन घरं रिकामी. उजव्या घरात मी गेले तर मी जिंकणार, ते गेले तर ते. डाव्या घरात ते गेले तरी तेच जिंकणार. मी मधलं घर घ्यायचं होतं. एवढंच. मग त्यांना डावं आणि उजवं राहिलं असतं, आणि दोन्हीकडं त्यांची जीत होती. त्यांना हरायला जागाच उरली नसती.

मी पटाकडं बघितलं. डाव्या बाजूला त्यांचे दोन गोळे एकाखाली एक, आणि खालचं घर मोकळं. समोरच्याचे दोन दिसले की आडवं जायचं, हे हाताला माहीत होतं. मी डाव्या घरात फुली टाकली.

टाकली आणि दिसलं. भरलेलं घर बदलत नाही. केतकीनंच तशी व्यवस्था केली होती.

त्यांचं बोट या वेळी अजिबात थरथरलं नाही. त्यांनी मधलं घर घेतलं.

उजवं घर उरलं. खेळी माझी होती.

"अहो," मी म्हणाले.

ते बघत होते. स्टँडवर गाडी वेळेवर सुटली की घड्याळाकडं बघायचे तसे. मी बोट ठेवलं. 'फुली जिंकली' अशी अक्षरं आली, घंटी वाजली.

"बरं," ते म्हणाले.

अकराला गाडी आली. श्रीकांतनं आणि ड्रायव्हरनं मिळून त्यांना उचललं. माझ्या दहा मिनिटांचं काम त्यांनी एका दमात केलं. गाडीचं दार लागेपर्यंत त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर होता, जुळलेल्या. त्या दिवशी दुपारी दोनला मी जरा पडले ती दुसऱ्या दिवशी सकाळी रखमानं दार ठोठावल्यावर उठले.

ते तिथं शेवटचे अकरा महिने होते. मी दर पंधरा दिवसांनी जायचे. चांगली जागा होती. एकदा टॅब नेला तेव्हा त्यांनी तो हातानं हळूच बाजूला सारला. डाव संपलेला होता.

नऊ वर्षं झाली त्याला. केतकी आता हैदराबादला नोकरी करते. फोनवर विचारते, "आजी, तो जुना टॅब अजून चालतो? फेकून दे की." चालतो. चार्जरची वायर धरून ठेवावी लागते, पण चालतो. दुपारी कधीतरी मी 'झालेले डाव' उघडते, शेवटचा डाव घेते आणि सहाव्या खेळीचं बटण दाबते. वरच्या दोन ओळी भरलेल्या येतात. खाली तीन घरं रिकामी.

मी मधल्या घरावर बोट धरते. मला तेव्हा दिसलं नव्हतं, की दिसलं होतं, हे इतक्या वेळा बघूनही ठरत नाही. टेकवलं तर आता फुली पडेल. पण मग पुढचं सगळं जाईल, आणि पुढं त्यांचा तो एक गोळा आहे, न थरथरता टाकलेला.

मी बोट उचलते आणि टॅब बंद करते.